शीतलला विचारलं होतं का?

सागपाणी, ता. चोपडा, जि. जळगाव
५ डिसेंबर २०२३

चि. शिल्पास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

फोन केला असता, पण इथे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, आणि टेकडीवर उभं राहून ओरडून बोलण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून कागद घेतला.

काल दुपारी खाज्या पावरा दवाखान्यात आला. तुला आठवत असेल, शीतलचा बाप. जुलैत तू आलीस तेव्हा त्याने तुला शेतातल्या काकड्या आणून दिल्या होत्या. एरवी दारात चपला काढून, मान खाली घालून येणारा माणूस. काल चपलांसकट आत आला आणि शीतलच्या औषधाच्या सगळ्या पट्ट्या त्याने माझ्या टेबलावर फेकल्या. म्हणाला, "हाई घ्या तुमनं औषध. आमले नको."

मला काही कळेना. पाणी दिलं, तेही घेईना. मग हळूहळू उलगडलं. तो कापसाच्या गाडीवर हमालीला धुळ्याला गेला होता. तिथे हमरस्त्यावर, चौकात, दोन मजली घराएवढ्या फलकावर त्याला स्वतःची मुलगी दिसली. आपली शीतल. खाटेवर पडलेली, केस मोकळे, हाताला सलाईन, डोळे असे की आता जातेय की मग जातेय. खाज्याला वाचता येत नाही. त्याने चहावाल्याला विचारलं, काय लिहिलंय. चहावाल्याने वाचून दाखवलं: 'सिकलसेलशी झुंजणाऱ्या या निराधार आदिवासी लेकीला वाचवा.' खाली तुमच्या प्रतिष्ठानचं नाव.

खाज्याने मला विचारलं, निराधार म्हणजे काय? मी सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते ऐकून मला मान वर करता आली नाही. "मी जित्ता शे ना आजून?"

शिल्पा, शीतल आता चोपड्याला कॉलेजात शिकते. दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या कोणीतरी त्या फलकाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. पोरी तिच्या ताटाला ताट लावेनात. ती वसतिगृह सोडून घरी येऊन बसलीये.

तू त्याच ऑफिसात आहेस, म्हणून तुला लिहितेय. तो फलक आधी उतरवायला सांग. आणि फोटो कोणी काढला ते शोधून काढ. मुंबईचा कोणी आला असेल कॅमेरा घेऊन. त्याचं नाव मला कळव. मला त्याला एकच प्रश्न विचारायचाय.

तुझी,
लतामावशी

*

धुळे
१३ डिसेंबर २०२३

आदरणीय मावशी,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. खाज्याभाऊंचा गैरसमज झाला असणार, त्यांना नीट समजावून सांग.

हा फलक आमच्या वर्षअखेरच्या मोहिमेचा भाग आहे. धुळ्यात आणि जळगावात मिळून असे बरेच लागलेत. तुला खरं सांगू, इतका प्रतिसाद आधी कधीच मिळाला नव्हता. तुमच्या दवाखान्याची जीप, रक्त तपासायचं यंत्र, मुलांच्या रोजच्या कॅप्सूल, हे सगळं अशाच मोहिमांतून येतं. मावशी, चेहरा दिसल्याशिवाय लोकांचा हात पुढे येत नाही. आकडे सांगून कोणी हलत नाही. हे मला आवडतं असं नाही, पण आमच्या कामात हे शिकावं लागतं.

आणि परवानगीशिवाय आम्ही काहीच छापत नाही. मी फाईल पाहिली. फॉर्म आहे, त्यावर अंगठा आहे. कायद्याने सगळं बरोबर आहे.

फोटो कोणी काढला ते नेमकं सांगता येणार नाही. ऑफिसकडे पुष्कळ ठिकाणांहून फोटो येतात. फलकाबद्दल आमच्या रविंद्र सरांशी बोलते. तेच मोहीम बघतात.

तू तब्येतीची काळजी घे. थंडी पडलीय, स्वेटर घालत जा. आई म्हणते, नाताळच्या सुट्टीत पहूरला ये, भरीत-पुऱ्यांचा बेत करू.

तुझी,
शिल्पा

*

सागपाणी
२१ डिसेंबर २०२३

चि. शिल्पास,
जय भीम.

स्वेटर घातलाय. आता माझं ऐक.

अंगठा कोणाचा? शीतल एकोणीस वर्षांची आहे आणि तिची सही माझ्यापेक्षा वळणदार आहे. मी तिच्या आईला, गुंताबाईला, विचारलं. ती म्हणाली, जुलैत शीतल इथे दाखल होती तेव्हा कोणीतरी कागद पुढे केला. तिला वाटलं औषधाचा कागद. पोरगी खाटेवर असताना आईपुढे कागद धरला तर ती विषाच्या कागदावरही अंगठा देईल. याला तुम्ही परवानगी म्हणता? तुमचा कायदा तुम्हाला लखलाभ.

गुंताबाई माझ्याशी अहिराणीत बोलते. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते: "आमनं दुखनं आमनं शे, बाई. ते रस्तावर कसाले टांगं?"

याला तू गैरसमज म्हणतेस. मला तर वाटतं, त्या अडाणी बाईलाच सगळं बरोबर समजलंय.

पुढचं वाच. १७ तारखेच्या रविवारी आमची रक्ततपासणी होती. दर खेपेला तीस-चाळीस माणसं येतात. डोंगर उतरून, पोरं पाठीला बांधून. या रविवारी दोघं आली. दोघंच! बारा पाड्यांवर एकच बोलणं फिरलंय, की सागपाणीला जे रक्त देतात ते बोर्डावर लटकतात. धुळ्याचे डॉक्टर सकाळपासून खुर्चीत बसून होते. चारला बॅग उचलून निघून गेले.

हे लोक इथपर्यंत यायला किती वर्षं लागली तुला माहीत आहे? सरकारी नोकरीत नर्स असताना मी हाच आजार घरोघर पाहिला. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाड न् हाड फुटल्यासारखं दुखतं. आया म्हणायच्या, बाहेरचं आहे. पोरं आठ-दहा वर्षांची झाली की जायची. निवृत्त झाले तेव्हा पहूरला घरात बसवेना, म्हणून या छोट्या संस्थेत आले. पाच वर्षं झाली. घरात जाऊन बसायचं, त्यांच्या ताटात जेवायचं, मग कधीतरी रक्ताचं नाव काढायचं. आज अठ्ठावन्न जण रोज कॅप्सूल घेतात. गेल्या तीन वर्षांत त्यातलं एकही पोर दगावलं नाही. शीतल कॉलेजात गेली ती त्या कॅप्सूलच्या जोरावर.

आणि तू मला शिकवतेस की चेहरा दिसल्याशिवाय हात पुढे येत नाही! पहूरच्या विहारातल्या बायांनी आम्हाला सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. त्यांनी एकाही पोराचं तोंड पाहिलेलं नाही. भडगावचे एक निवृत्त मास्तर दर महिन्याला गूळ-शेंगदाण्याचं पोतं पाठवतात, वर स्वतःचं नावसुद्धा लिहीत नाहीत. जळगावला रक्तदाते आहेत, रिक्षावाले, दुकानातले नोकर. फोन केला की बाही वर करतात. आपलं रक्त कोणाच्या अंगात गेलं हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. विहारात आपण दान म्हणतो ते हे. घेणाऱ्याची मान खाली करून जे दिलं जातं ते दान नाही, तो सौदा आहे. आणि या सौद्यात शीतलने काय विकलं हे तिलाच माहीत नव्हतं.

फलक उतरला का, एवढंच कळव.

लतामावशी

*

धुळे
४ जानेवारी २०२४

आदरणीय मावशी,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू रागावली आहेस, आणि तुझ्या जागी मीही रागावले असते.

रविंद्र सरांशी बोलले. ते म्हणाले, मोहीम अर्ध्यात थांबवली तर लोकांना वाटेल काहीतरी गैर आहे. महिनाअखेरीस सगळे फलक आपोआप उतरतील. कॅलेंडर मात्र वाटून झालीत. हो, कॅलेंडरवरही तोच फोटो आहे, हे तुला कळायचंच, म्हणून मीच सांगते.

पण सरांनी एक चांगली गोष्ट सुचवलीय. २६ जानेवारीला धुळ्यात दात्यांचा मेळावा आहे. तिथे शीतलचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, गुंताबाईंना साडी. शीतलने स्वतः दोन शब्द बोलावेत. लोकांना कळेल की ती निराधार नाही, शिकणारी मुलगी आहे. आम्ही गाडी पाठवू. मला वाटतं यातून सगळ्यांचं मन राहील.

तू तिला तयार कर ना. तुझं ती ऐकते.

तुझी,
शिल्पा

*

सागपाणी
११ जानेवारी २०२४

शिल्पाताईंना,
नमस्कार.

मी शीतल खाज्या पावरा. तुमचा पत्ता मावशींच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. त्यांनी तुमचं सत्काराचं पत्र मला वाचून दाखवलं. त्यांनी माझ्यावर सोडलं, जायचं की नाही ते. मी येणार नाही. गाडी पाठवू नका.

ताई, मावशी रोज म्हणतात, तो फोटोवाला सापडू दे. मुंबईचा कोणी असेल म्हणतात. मी काही बोलत नाही. पण फोटो तुम्ही काढला. तुमच्या मोबाईलवर. मला सगळं आठवतं.

तो माझा दाखल असण्याचा चौथा दिवस होता. दुखणं थांबलं होतं. सलाईन दुपारी काढणार होते आणि संध्याकाळी मी घरी जाणार होते. तुम्ही आलात, मावशींची भाची म्हणून मला आनंद झाला. तुम्ही मोबाईल वर केलात तेव्हा मी हसले. तुम्ही म्हणालात, "छान. आता एक हसू नकोस. केस जरा मोकळे सोड. तिकडे खिडकीकडे बघ." मला वाटलं तुम्हाला फोटो चांगला काढता येतो, म्हणून असं सांगता. मी बघितलं खिडकीकडे.

म्हणजे मी मरत नव्हते, ताई. मी बरी होत होते. तुमच्या फलकावर जी मुलगी आहे ती मी नाही. ती तुम्ही तयार केली.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी मला म्हणाली, "तुझा आजार लागतो का गं?" दीड वर्ष आम्ही एका डब्यात जेवलो. मी तिला समजावलं असतं, हा रक्तातून जन्मतःच येतो, लागत नाही. पण मी कधी आणि कोणाला सांगायचं, हे मला ठरवायचं होतं. ते तुम्ही ठरवलंत.

बाबा आता पाड्यावर कोणाकडे बसायला जात नाहीत. लोक विचारतात, पोरीच्या फोटोचे किती घेतले.

मी मावशींना तुमचं नाव सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. इथे कोणी विचारलं की त्या म्हणतात, माझी भाची धुळ्याला मोठ्या ऑफिसात आहे, आपल्या लोकांचं काम करते. असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघवत नाही. तो मी कशाला मोडू.

तुम्हीच बघा काय करायचं ते.

शीतल

*

सागपाणी
२९ जानेवारी २०२४

चि. शिल्पास,

तुझ्याकडून महिनाभर अक्षर नाही. असो. तुला सवड नसेल, मला मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शीतल मरता मरता वाचली.

तिने औषध बंद केलं होतं. खाज्याने फेकलेल्या पट्ट्या मी दुसऱ्याच दिवशी गुंताबाईकडे परत दिल्या होत्या. शीतल घेते म्हणायची. घेत नव्हती. पट्ट्या जशाच्या तशा धान्याच्या कणगीत सापडल्या. २१ तारखेला भर दुपारी गोपाल, तिचा भाऊ, धावत आला. म्हणाला, ताईला श्वास लागलाय. मी गेले तर पोरगी अंगणात गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. नखं पांढरीफटक. छातीत कळ, अंगात ताप. आमच्या धनसिंगने जीप काढली आणि चोपड्याला नेलं. तिथून म्हणाले, थांबू नका, जळगावला न्या. वाटेत ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "मावशी, दवाखान्यात माझा कोणी फोटो काढू देऊ नका." श्वास पुरत नव्हता, आणि त्यात ती हे बोलली! मी चाळीस वर्षं नर्स आहे गं. मरणाच्या दारात माणसं पाणी मागतात, आई मागतात. हे मागणं मी पहिल्यांदा ऐकलं.

जळगावला रक्त हवं होतं. मी फोन लावला. अर्ध्या तासात तोताराम नावाचा रिक्षावाला आला, खाकी शर्टातच. आणखी दोघं त्याच्या मागून. रक्त देऊन झालं, बिस्किट खाल्लं, आणि तोताराम मला म्हणाला, "सिस्टर, रिक्षा नो-पार्किंगला लावलीय, निघू का?" संपलं. कोणासाठी, कुठल्या जातीची, कुठल्या गावची, काही नाही. मला रडू आलं. इतक्या दिवसांत रागाने आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

आठ दिवसांनी काल घरी आणली. वाचली. पण गेली असती तर? कोणत्या फलकावर लावलं असतं तुम्ही?

मेळाव्यात सत्कार कोणाचा केलात मग?

ज्याने तो फोटो काढला त्याला सांग, मला आता त्याला प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. त्याने फक्त एकदा या पोरीच्या खाटेजवळ उभं राहावं, आणि हातात काही नसावं.

लतामावशी

*

धुळे
६ फेब्रुवारी २०२४

मावशी,

फोटो मी काढला.

हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. शीतलने मला पत्र लिहिलं होतं, तुला न सांगता. तिला सगळं आठवत होतं. ते पत्र मी ऑफिसच्या खणात ठेवलं आणि रोज खण उघडून बंद करत राहिले. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की मी खण उघडत होते त्याच दिवसांत ती पोरगी श्वासासाठी तडफडत होती.

गुंताबाईंचा अंगठाही मीच घेतला. "सही हवी होती एक," एवढंच म्हणाले. कशाची ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, कारण मी तुझी भाची होते. 'निराधार' हा शब्द माझा. सरांनी 'गरीब' लिहिलं होतं. मी म्हणाले, निराधार जास्त भिडतं. सगळ्यांनी मान डोलावली आणि मला बरं वाटलं होतं. हे लपवून मी तुला कायदा शिकवत होते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी रविंद्र सरांच्या केबिनमध्ये गेले. मी म्हणाले, महिनाअखेर झाली, फलक अजून तिथेच आहे, तो आज उतरवायचा. ते म्हणाले, "शिल्पा, भावनिक होऊ नका. त्या एका फोटोमुळे किती मुलांना औषध मिळणार आहे, याचा विचार करा." मी म्हणाले, "सर, सागपाणीला मुलं औषध घ्यायला यायचीच थांबलीत. मग ते देणार कोणाला?" ते म्हणाले, उतरवू, पण पत्रकात 'तांत्रिक चूक' लिहा. मी सांगितलं, तंत्राने काही केलेलं नाही. मी केलंय.

ते पत्रक मी लिहिलं नाही. खरं काय झालं ते लिहून सगळ्या विश्वस्तांना दिलं. एकानेच उत्तर पाठवलं, की ऑफिसातल्या गोष्टी ऑफिसात मिटवायच्या असतात. उद्यापासून मला येऊ नका सांगितलंय.

पण बाकीचे आधीच उतरले होते, आता चौकातला फलकही उतरलाय. फ्लेक्सवाल्याच्या माणसाबरोबर मी स्वतः गेले, दुपारी बाराला, चौक गच्च भरलेला असताना. तो वर चढून दोऱ्या कापत होता आणि मी खाली उभी होते. चहावाल्याने विचारलं, "काय झालं ताई, पोरगी गेली का?" मी म्हणाले, "नाही. ती बरी आहे. तिला न विचारता लावला होता." "मग लावलाच कोणी?" मी सांगितलं, मी. तो गिऱ्हाइकाकडे वळला.

तो फ्लेक्स गुंडाळून घरात ठेवलाय. त्याचं काय करायचं ते ठरवायचा हक्क मला नाही. तू म्हणालीस तशी मी खाटेजवळ येऊन उभी राहीन. येऊ का?

शिल्पा

*

सागपाणी
१३ फेब्रुवारी २०२४

शिल्पा,

तुझं पत्र वाचून तीन दिवस मी काही लिहू शकले नाही. दवाखान्यात काम करत होते, पण माझं लक्ष नव्हतं. एका पोराला सुई टोचताना हात चुकला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त राग तुझा आला नाही. माझा आला. कारण जुलैत त्या वॉर्डाचं दार मी उघडलं आणि म्हणाले, "माझी भाची आहे, घरचीच आहे." त्यांनी तुला काकड्या दिल्या, अंगठा दिला, तो माझ्या शब्दावर. पाच वर्षांत कमावलेला शब्द होता तो. तू तो चौकात टांगलास.

माझी माफी मागू नकोस. मी द्यायची असेल तर देईन नाहीतर नाही, ते आपण दोघी घरात बघू. पण ज्यांचं घेतलंस त्यांच्यापुढे जा. एकटी शीतलपुढे नाही, बारा पाड्यांपुढे. ३ मार्चला रविवार आहे. त्या दिवशी यायचा सगळ्यांना निरोप पाठवते. एस.टी.ने ये. तो फ्लेक्स घेऊन ये.

मी तुझ्या शेजारी उभी राहणार नाही. समोर बसणाऱ्यांत असेन.

लतामावशी

*

सागपाणी
१९ मार्च २०२४

शिल्पाताईंना,
नमस्कार.

तुम्ही ३ तारखेला आलात आणि बोललात. लोक उठून गेले नाहीत, पण बोललेही नाहीत, आणि तुम्ही रडत बसस्टँडकडे गेलात. तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुमची पाठ फिरल्यावर बाबा उठले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी खोटं बोलनी नही. पन बाईनं नुसतं सांगीसन काय व्हस? आते कोन इचारी?" म्हणजे, खरं बोलली, पण नुसतं सांगून काय होतं, आता विचारणार कोण? त्यावर अर्धा दिवस भांडण झालं. काहींचं म्हणणं, दवाखानाच नको. माझी आई पहिल्यांदा इतक्या लोकांत बोलली. म्हणाली, औषध नव्हतं तेव्हा माझा पहिला मुलगा गेला, ते कोणाच्या फलकावर नव्हतं. औषध पाहिजे. पण विचारून पाहिजे.

मग ठरलं की विचारायचं काम मी करायचं. मी हो म्हणाले. तपासणीच्या टेबलाआधी माझं टेबल असतं. मी पावरीत विचारते, अहिराणीत विचारते. रक्त कशासाठी घेणार, कागद कोण बघणार, नाव कुठे लिहायचं. फोटो नाही. फोटोचा रकानाच आम्ही ठेवलेला नाही. नको म्हणणाऱ्याला परत पाठवत नाही, चहा देतो.

प्रतिष्ठानने जीप परत मागून घेतली. मावशींनी चावी दिली. धनसिंगदादा आता स्वतःची पिकअप काढतात. डिझेलचं जळगावच्या रक्तदात्यांनी अंगावर घेतलंय. तोतारामकाका एका रविवारी स्वतः येऊन गेले, रिक्षा घेऊन, एवढ्या लांब. मला भेटले. मी त्यांना सांगितलं की तुमचं रक्त माझ्यात आहे. ते इतके लाजले की चहा अर्धा ठेवून उठले.

तुम्ही आणलेला फ्लेक्स मी माझ्या हाताने कापला आणि शेताच्या बांधाला पुरला. जाळणार होते, पण धूर वाईट येतो.

मी कॅप्सूल घेते आहे. पुढच्या आठवड्यात वसतिगृहात परत जाईन, तपासणीच्या रविवारी टेबलासाठी येत जाईन. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला या वेळी मी स्वतः सांगणार आहे. तिला पटलं तर ठीक, नाही पटलं तर खाट बदलून घेईन.

परवा, १७ तारखेला तपासणी होती. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस आहेत, पाड्यापाड्यावर ढोल वाजतोय, मला वाटलं कोणी यायचं नाही. सव्वीस जण आले. रांगेत सगळ्यात पुढे बाबा होते. आजवर त्यांनी स्वतःचं रक्त कधी दिलेलं नाही, पुरुषाला काय होतं म्हणायचे. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी त्यांनाही सगळं विचारलं, एकही प्रश्न सोडला नाही. ते प्रत्येक प्रश्नाला थांबून, विचार करून उत्तर देत होते. शेवटी म्हणाले, "रगत घ्या. नाव मी सांगसू ते लिखा." आणि पूर्ण नाव सांगितलं, आज्याच्या नावासकट. मी ते लिहिलं.

मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी तुमचा विषय काढला नाही, पण संध्याकाळी मला विचारलं, शिल्पाला लिहिणार आहेस का? मी विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, जे आहे ते लिही.

तर जे आहे ते असं आहे. तुम्ही बारा पाड्यांसमोर उभ्या राहिलात, ते सोपं नव्हतं, हे मला कळतं. तुम्हाला माफ केलं का, असं तुम्ही जाताना विचारलंत. सगळे बघत होते म्हणून मी गप्प राहिले. आता कोणी बघत नाही, तरी उत्तर सापडत नाही. घाई करू नका. या वेळी मी ठरवणार आहे.

शीतल खाज्या पावरा